कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सही देऊ नका

प्रश्न : वडिलांची १९६८ची महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. वडील गेले, पण आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि नोंदणीची मुदतही संपली आहे. पत्रा आणि रंग झाला, इंजिन उघडं पडलंय. वडिलांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं होतं, त्याची आरसीवर नोंद नाही. ‘विंटेज, ओरिजनल’ असा माझा मेसेज वाचून एक ग्राहक आलाय. म्हणतो, ‘टीटीओ फॉर्म कोरे सही करून द्या, जीप तयार झाली की नावावर करून घेतो.’ देऊ का? – वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : देऊ नका. पहिली गोष्ट, टीटीओ म्हणजे गाडीची मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०. त्यांवर सही करायची कोणी? आरसीवरचा मालक हयात नाही. वडिलांची सही तुम्ही केलीत तर ती बनावट सही ठरेल. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने जीप आई आणि सगळ्या भावंडांची आहे, लग्न झालेल्या बहिणींचीसुद्धा. त्यांची संमतीची प्रतिज्ञापत्रं घ्या, मृत्यूच्या दाखल्यासह फॉर्म ३१ भरा आणि जीप आधी तुमच्या नावावर करा. उशिराचा दंड पडेल, तो भरा.

त्यानंतरही कोरे फॉर्म नकोतच. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०)नुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ (२०१८) या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकत गेली होती, आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. तुमच्या जीपला तर विमाही नसणार. ग्राहकाने ती जोडून रस्त्यावर काढली आणि कोणी दगावलं, तर दावा तुमच्या दारात येईल.

खरी अडचण पुढे आहे. संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला जीप आरटीओच्या निरीक्षकापुढे उभी करावी लागते आणि उघड्या इंजिनाची जीप पास होणार नाही. इंजिनबदलाची नोंदही कलम ५२ खाली आरटीओच्या मंजुरीनेच होते. म्हणून मी सुचवेन ते असं : आत्ता फक्त विक्रीचा करार करा. राहिलेलं काम तुमच्या गॅरेजमध्ये, ग्राहकाच्या खर्चाने होऊ द्या. ताबा मात्र आरसी त्याच्या नावावर झाल्याच्याच दिवशी. त्याला हे मान्य नसेल तर दुसरा ग्राहक बघा.

‘विंटेज, ओरिजनल’ हे शब्द आजच मागे घ्या, आणि तेही लेखी. २०२१च्या नियमांत विंटेज नोंदणीला ५० वर्षं पुरतात, पण वाहन मूळ रूपात हवं. इंजिन, चॅसी किंवा बॉडीत मोठा बदल चालत नाही. तुमच्या डिझेल जीपला ती नोंदणी मिळणं अवघड आहे. माल वर्णनाप्रमाणे निघाला नाही तर वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५चा आधार ग्राहकाला मिळतो. ‘जशी आहे तशी’ एवढं लिहून खोटं वर्णन झाकलं जात नाही. करारात चॅसी नंबर, आत्ताच्या इंजिनाचा नंबर, झालेलं काम, राहिलेलं काम आणि गायब भाग हे सगळं फोटोंसह लिहा. जुनं हरिकेन पेट्रोल इंजिन शेडमध्ये असेल तर भंगारात मुळीच घालू नका. त्या उंच इंजिनामुळेच या जीपचं बॉनेट उंच झालं. जाणकार त्याची किंमत देतो, आणि जीप पुन्हा मूळ रूपात आणायची वाट मोकळी राहते.

इसार बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हप्त्यांनी सुद्धा नाही.