‘माणूस मिळत नाही’ हे मोजायचं कसं?

ताई, कुशल कामगारांच्या टंचाईवरच्या प्रोजेक्टसाठी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कारखानदारांना “कुशल कामगार मिळतात का?” असं विचारणार म्हणालात. सगळे “नाही” म्हणतील. त्यातून तक्रारी मोजल्या जातील, टंचाई नाही.

मी या भागात बावीस वर्षं भरतीचं काम केलं. एका कारखान्यात व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटरची जागा पाच महिने रिकामी होती. मालक म्हणायचे, पोरांच्या हातात कसबच राहिलं नाही. मुलाखतीला आलेल्या एका आयटीआयच्या पोराला व्हर्नियर हे मोजमापाचं साधन आणि बुश, म्हणजे नळीसारखा सुटा भाग, दिला. त्यानं ०.०२ मिलिमीटरपर्यंत बिनचूक माप सांगितलं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वाचला, टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती मशीनला कशी द्यायची तेही सांगितलं. पगाराचा आकडा ऐकला आणि चहा तसाच ठेवून उठला. पुढच्या महिन्यात पुण्याजवळ चाकणला लागला. ही जागा कौशल्यटंचाईत धरली तर तुमचा सगळा हिशोबच चुकेल. याउलट साचे-हत्यारं बनवणाऱ्या एका टूलरूमनं ग्राइंडिंग करणाऱ्या कारागिराच्या जागेसाठी पगार दोनदा वाढवला, तरी हात बसलेला माणूस सापडेना. ती खरी टंचाई.

म्हणून प्रत्येक जागेमागे विचारा: किती दिवस रिकामी, पगार किती, अर्ज किती आले, नाकारले ते कशावरून. ब्रिटनमधल्या मालकांच्या पाहणीत भरायला अवघड जागा आधी वेगळ्या काढतात आणि त्यातून कौशल्य, पात्रता किंवा अनुभवाअभावी अडलेल्या पुन्हा वेगळ्या. कामावर असलेल्यांना काम पुरतं येत नसेल, तर तो रकाना निराळा. तीन वर्षांतला पगारही विचाराच. मागणी वाढत राहते, पगार मागून रखडत येतो आणि मधल्या काळात टंचाई टिकते, हे ॲरो आणि कॅप्रन या अर्थतज्ज्ञांनी १९५९ मध्येच मांडलं होतं.

सरकारी आकड्यांवर विसंबू नका. २०१७ पासूनची श्रमशक्ती पाहणी घरोघरी माणसं मोजते, रिकाम्या जागा नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला जागा कळवायची १९५९ च्या कायद्यातली सक्ती खासगीत २५ किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांपुरती होती. दहा-बारा माणसांची वर्कशॉपं त्यातून सुटली, आणि आपल्याकडे तीच जास्त.

आधी एक चक्कर मारा. फाटकांवरचे ‘टर्नर पाहिजे’, ‘फिटर पाहिजे’ हे बोर्ड तारखेसह वहीत लिहा. दीड महिन्यानं परत जा. जे बोर्ड तसेच असतील, तिथं आत जाऊन मालकांना भेटा, आणि मधल्या काळात तिथून किती जण सोडून गेले तेही विचारा. काही बोर्ड माणसं टिकत नाहीत म्हणून कायमचेच लटकलेले असतात.