भिंतीजवळ उगवलेली वेल ठेवू की काढू?

प्रश्न: आम्ही नाशिकच्या म्हसरूळला राहतो, छोटंसं अंगण आहे. जूनमधे पहिला पाऊस झाला आणि कंपाउंडच्या भिंतीशी जास्वंदाजवळ एक कोंब आला, मी तिथे काहीच लावलं नव्हतं, मागच्या वर्षी भरावाला त्र्यंबक साइडची माती टाकली होती त्यातूनच आला असावा. आता वेल पार खिडकीच्या ग्रिलपर्यंत गेलीये. पानांना देठ नाही आणि पानाचं टोक लांब होऊन घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळतं, त्यानेच ती ग्रिल धरते. कळ्या हिरव्या, मान खाली घातलेल्या. शेजारच्या आजी म्हणतात ही कळलावी, घरात भांडणं लागतील, उपटून टाक. सासूबाईंनी जरा उकरलं तर रताळ्यासारखा कंद दिसला, त्या म्हणतायत एकादशीला उकडून बघू. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, दिवसभर अंगणातच असते. फोटो पाठवतेय. इतकी सुंदर वेल आहे की काढायला हात धजत नाही, काय करू?

उत्तर: ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी आत जाऊन सासूबाईंना सांगा की तो कंद उकडायचा नाही, चाखूनसुद्धा बघायचा नाही. आजींनी वेल अगदी बरोबर ओळखली, ही कळलावीच. हिच्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, गाउटच्या (सांधे सुजून दुखतात त्या आजाराच्या) औषधात अगदी मोजून वापरतात ते, आणि ते उकडून जात नाही. रताळं किंवा कोनफळ समजून हा कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत म्हणून एवढं कळकळीने लिहितेय. रताळ्याच्या आणि कोनफळाच्या पानाला देठ असतो, टोकाची स्प्रिंग होत नाही. आणि कळलावीचा कंद बहुतेक वेळा दोन फाट्यांचा, नांगरासारखा असतो, संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते त्यामुळेच.

भांडणाचं मात्र मनावर घेऊ नका. नावातली कळ ही बाळंतपणाची कळ, पूर्वी कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरायचे. (आज कोणी सुचवलं तरी असलं काही करू नका.)

चार दिवसांत कळ्या उमलतील तेव्हा नीट बघा, सहा पाकळ्या, कडा चुण्या पडल्यासारख्या, सगळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, आधी हिरवट, मग पिवळ्या, मग टोकाकडून लाल उतरत जातो आणि शेवटी अख्खं फूल पेटल्यासारखं दिसतं. अग्निशिखा हे नाव किती बरोबर आहे! हे तमिळनाडूचं राज्यफूल आहे, पण आपलंही आहेच, श्रावणात अंजनेरीच्या डोंगराकडे गेलात तर कुंपणांवर, झुडपांवर चढलेली दिसेल.

तरीही माझं मत, तुमच्या अंगणात आत्ता ही नको. विष फक्त कंदात नाही, पान, फूल, बी सगळ्यातच आहे, आणि शेंग तडकली की आत लालकेशरी बिया दिसतात, अडीच वर्षांचं पोर त्या तोंडात घालणारच. तुम्ही कितीही लक्ष ठेवलंत तरी एक क्षण पुरतो. कोणाच्याही पोटात चुकून काही गेलं तर उलट्या-जुलाब सुरू व्हायची वाट बघू नका, ते काही तासांनीही सुरू होतात, वेलीचा तुकडा सोबत घेऊन लगेच मोठ्या हॉस्पिटलला जा.

गच्चीला कुलूप लागत असेल तर वेल मारायची गरज नाही. फुलं बघून घ्या, तोवर मुलीला एकटीला अंगणात सोडू नका, आणि शेंगा धरायच्या आत वरचा वेल कापून बांधून घंटागाडीत द्या, उघड्यावर टाकलात तर गाई-शेळ्या खातील. मग हातमोजे घालून कंद हलकेच काढा, गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत आडवा ठेवून वर तीन बोटं माती घाला, आणि फाट्याचं टोक मोडू देऊ नका, पुढच्या जूनमधे कोंब तिथूनच येतो.