चेहरा पुन्हा पुसू नकोस

प्रिय पोरी,

तीन फोटो पाठवलेस. तिन्हींत तोच जोडून रंगवायचा प्लास्टिकचा चिमुकला शिपाई आणि तिन्हींत चेहरा कोरा. तीनदा रंगवलास, तीनदा पुसलास, आणि आता विचारतेस की चुकतंय कुठे. पुसण्यात चुकतंय.

डोळे तिरळे झाले होते म्हणे. होऊ देत की! १:३५ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा उभा माणूस जेमतेम ५ सेंटीमीटर भरतो, त्याचं डोकं ७ मिलिमीटरच्या आतलं. तेवढ्याशा जागेत पांढराशुभ्र ठिपका आणि त्यात काळा ठिपका दिलास, तर भूत बघितल्यासारखाच दिसणार तो. आधी खोबणीत गडद तपकिरी रेघ ओढ. तिच्यावर मळकट पांढऱ्याची बारीकशी रेघ, आणि मधे वरच्या-खालच्या पापणीला टेकेल अशी गडद उभी रेघ. हेल्मेटखालच्या सावलीतल्या शिपायाला तर नुसती तपकिरी रेघसुद्धा पुरते. हे याच्यावर जमलं नाही तर पुढच्या शिपायावर करायचं. याला पुसून नाही.

गालावर खरबरीत डाग पडतात, त्याचं कारण तुझी घाई. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवलास की खालचा रंग उचलला जातो. अॅक्रिलिक रंग पाण्याने दुधाइतका पातळ कर, दोन-तीन थर दे, आणि मधल्या वेळात हात मांडीखाली दाबून बस. तो तीन शून्यांचा, केसाएवढ्या टोकाचा ब्रशही ठेवून दे. त्याच्या टोकावरचा रंग नाकापर्यंत पोचायच्या आत वाळतो. १ नंबरचा घे, फक्त टोक नीट जुळणारं हवं. साच्याची शिवण खरवडणं, साबणाच्या पाण्याने धुणं, प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर, हे तू केलेलं दिसतंय. छान.

पण पुसायचं नाही. हे मी इतकं का घोकतोय ते सांगतो.

माझी पहिली फिगर ५४ मिलिमीटरची होती, नेपोलियनच्या सैन्यातला ढोलवाला पोरगा. एक डोळा कपाळाकडे, ओठ विदूषकासारखे. हात जरा बसल्यावर वाटलं, आता हा नव्याने रंगवू. रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हरच्या वाटीत बुडवला. त्यातलं अॅसिटोन पॉलिस्टायरिन, म्हणजे या फिगरचं प्लास्टिकच, विरघळवतं हे मला कोण सांगणार? अर्ध्या तासाने वाटीत ढोल ओळखू येत होता, पोरगा नाही. तू रंग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलंस म्हणून तुझा शिपाई वाचला. त्यानंतर कितीतरी चांगले चेहरे रंगवले मी, पण सुरुवात कुठून केली हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही.

आणि खरं सांगू? त्यातूनही शहाणा झालो नाही. पुढे कित्येक वर्षं रंगवायचं आणि धुवायचं हाच धंदा. वर्षाकाठी एक फिगर पुरी व्हायची नाही, आणि वर लोकांना सांगायचो की माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत. कसल्या अपेक्षा! भीती होती. पुरी झाली की ती किती वाईट आहे हे कळणार, म्हणून पुरीच होऊ द्यायची नाही.

तू म्हणशील, काका, गेल्या महिन्यात तुम्हीच तर घोडेस्वार धुतलात. धुतला. तिथे प्रायमरच दाणेदार बसला होता. फवाऱ्याचा डबा लांब धरला आणि रंग हवेतच वाळून भुकटी झाली. तो दोष रंगाच्या खालचा होता, ती गोष्ट वेगळी. वेगळीच आहे, उगाच हसू नकोस.

तुझ्या स्प्रूवर, म्हणजे भाग अडकलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर, अजून तिघे आहेत. याचा चेहरा एकदाच रंगव, तिरळा झाला तर तिरळाच राहू दे, पट्टे रंगव, बूट रंगव, बिनचमकीचं मॅट वार्निश मार आणि तळावर चिकटव. मग दुसरा कापून काढ. आणि चौथा फोटो पाठवशील तो चेहऱ्यासकट पाठव.

तुझा,
काका