स्ट्रिंग क्वार्टेटच्या पहिल्या पूर्ण कार्यक्रमाआधी शेवटच्या आठवड्यात काय तपासावं?

तुमच्या चौघांचा (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) कार्यक्रम असा: हायडन ऑप. (रचना-क्रमांक) 76 क्र. 4, मग शोस्टाकोविचचं क्वार्टेट क्र. 8, मध्यंतर, शेवटी द्वोर्झाक ऑप. 96. रचना बसल्या आहेत, प्रत्यक्ष मंचावर काय बिघडतं ते तुम्ही विचारलंय. बिघडतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: तारांचं मिळवणं आणि प्रत्येक रचनेची पहिली दहा सेकंदं. उरलेल्या तालमींचा मोठा वाटा माझ्या मते तिथेच घालावा.

आधी तारा. चौघं एकाच ए स्वरावरून (440 किंवा 442 हर्ट्झ, जो ठरला असेल तो) कानाने शुद्ध पंचम लावत खाली गेले, की प्रत्येक पंचम 702 सेंटचा पडतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग; सूर मोजणारा ट्यूनर पंचम 700 चा धरतो). ए ते सी असे तीन पंचम होतात, म्हणून चेलो आणि व्हायोलाची सी तार ट्यूनरपेक्षा 6 सेंट उतरलेली निघते. वर व्हायोलिनची ई 2 सेंट चढी. सी ला षड्ज धरला तर ई हा त्याचा गंधार, आणि तो 408 सेंटवर जातो. कानाला गोड लागणारा गंधार 386 च्या आसपास असतो. चौघांच्या तारा आपापल्या जागी 'बरोबर' असूनही सी मेजर कॉर्ड (सी वरचा एकत्र वाजणारा स्वरसमूह) बोचतो, तो यामुळे. म्हणून पंचम किंचित आखूड ठेवा आणि सी तार ट्यूनरवर तपासून वर घ्या. गंधार 400 पर्यंत खाली आला की उरलेली तडजोड बोटं करतात. खुली ई मात्र लांब सुरांत टाळा.

याचा खरा फटका शोस्टाकोविचमध्ये बसतो. रचना सी मायनरमधली, पाच मूव्हमेंट (रचनेचे भाग) सलग, मध्ये तारा मिळवायला जागाच नाही. दुसऱ्या मूव्हमेंटच्या जोरकस गजाने तारा सरकतात आणि शेवटच्या संथ मूव्हमेंटमध्ये ते उघडं पडतं. बाकी खुल्या तारांचा सूर बहुतेकदा शेजारच्या तारेवर बोटाने घेता येतो, सर्वांत खालच्या सी ला तो पर्याय नाही. तेव्हा हायडननंतर आत जाऊन नीट मिळवा, सी तारा एकमेकींशी ताडून पाहा, आणि मंचावर फक्त अर्धा मिनिट खात्री करा. नव्या तारा चढवायच्या असतील तर किमान चार-पाच दिवस आधी. सिंथेटिक गाभ्याच्या तारा तोवर ताणत राहतात.

आता सुरुवाती. हायडन म्हणजे हात मोकळे करायची रचना, हा समज सोडा. इथे खालची तिघं हळू आवाजात कॉर्ड धरून बसतात आणि पहिलं व्हायोलिन त्यावरून वर चढतं. गारठलेल्या हाताचा गज नेमका तिथे थरथरतो. तिघांनी गजाचा कोणता भाग, घोडीपासून किती अंतर, किती वेग हे एकसारखं ठरवा, आणि तालमीला बसल्यावर काहीही न वाजवता थेट इथूनच सुरू करून पाहा. शोस्टाकोविचची सुरुवात चेलो करतो. द्वोर्झाकमध्ये व्हायोलिनांच्या थरथरत्या सुरांवर तिसऱ्या बारला (तालाच्या तिसऱ्या खंडाला) व्हायोला प्रमुख धून घेते, तीही मध्यंतरानंतर. त्या पंधरा-वीस मिनिटांत व्हायोलावाल्याने लोकांना भेटत बसू नये, हात गरम ठेवावेत. (दुसऱ्या व्हायोलिनला असा मान कुठेच नाही, पण आतली लय बहुतेकदा त्याच्याच हातात असते. इशारे त्याला दिसतात ना, हे विचारा.)

रिकामं सभागृह जास्त घुमतं. माणसं बसली की घुमारा कमी होतो. त्यामुळे दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर ठरवलेली मंद लय रात्री रेंगाळते. जलद भागांची लय तिथे बदलू नका, फक्त आवाजाचा तोल पाहा: एकाने उठून मागच्या रांगेत जावं, तिघांनी वाजवावं, मग पाळी बदलावी. व्हायोला बाहेरच्या कडेला बसवलीत तर तिची ध्वनिछिद्रं मंचाच्या मागे तोंड करतात आणि द्वोर्झाकची ती धून बुजते. तिथे चेलोशी जागा बदलून ऐकून बघा, किंवा व्हायोलाची खुर्ची थोडी श्रोत्यांकडे वळवा.

खुर्च्या बिनहाताच्या, सपाट बैठकीच्या हव्यात. स्वरलिपीचे स्टँड खाली, एकमेकांचे गज दिसतील इतके. चेलोच्या एंडपिनला (जमिनीवर टेकणाऱ्या दांडीला) पट्टा लावा, गुळगुळीत लाकडावर रबर घसरतं. टॅब्लेट वापरत असाल तर नोटिफिकेशन बंद, आणि छापील प्रत खुर्चीखाली.

तार तुटली तर वाजवणं थांबवून त्या एकानेच आत जावं, परत आल्यावर मूव्हमेंट सुरुवातीपासून. शोस्टाकोविचमध्येही तसंच, आख्खी रचना पुन्हा नको. सुट्या तारांबरोबर आत एक मिळवलेलं जादा व्हायोलिन मिळालं तर उत्तम, कारण नुकती चढवलेली तार कार्यक्रम संपेपर्यंत उतरतच राहते.