७० मीटरवरचं टार्गेट समोर दिसत असताना धनुष्य वर उचलून का धरावं लागतं?

कारण दोरीवरून सुटल्या क्षणापासून बाण खाली पडू लागतो आणि ७० मीटर जाईपर्यंत ही घसरण जवळपास पावणेसात मीटर होते. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण ६० मीटर वेगाने सुटला, तर पोहोचायला १.१७ सेकंद लागतात. घसरण म्हणजे ½ × गुरुत्वत्वरण × वेळेचा वर्ग: ½ × ९.८ × १.१७² = ६.७ मीटर. ती भरून काढायला बाण सुमारे साडेपाच अंश वर रोखावा लागतो. म्हणूनच अंतर वाढलं की साईटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) पिन खाली सरकवायची, म्हणजे ती टार्गेटवर आणताना धनुष्य आपोआप वर उचललं जातं; नवशिके हमखास उलट करतात.

खरी गंमत वेगाची आहे. दोरीची ओढ जराशी कमी पडून वेग ५९ झाला, तर त्याच कोनातला बाण २३ सेंटिमीटर खाली लागतो, म्हणजे १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर १० ऐवजी थेट ७ गुण. ओढ दर वेळी तेवढीच राहावी म्हणून तर क्लिकर (ठरलेली ओढ पूर्ण होताच ‘टिक’ आवाज करणारी पट्टी) लावतात. या हिशेबात हवेचा रोध धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कोन थोडा जास्त लागतो. जाड, मोठ्या पिसांच्या बाणाला आणखी जास्त.