तिसरा महिना नको, आठवडे सांग

तू नांदेडहून विचारलंस, "ताई, मला तिसरा लागलाय, पुढच्या महिन्यात नवऱ्यासोबत इंग्लंडला निघायले. तिकडं बाळंतपणाचं कसं असतं?"

आधी शेवटची पाळी ज्या दिवशी आली ती तारीख लिहून पर्समध्ये ठेव. इथं इंग्लंडमध्ये सगळा हिशेब त्या दिवसापासून, आठवड्यांत. 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस. पहिले दोन आठवडे गर्भ राहिलेलाच नसतो, तरी धरतात. पाळी 10 जूनची असेल तर सात दिवस मिळवून तीन महिने मागं जायचं: बाळंतपणाची तारीख 17 मार्च. तारीख पुढं-मागं होतेच. 37 आठवड्यांच्या आत झालं तरच अपुऱ्या दिवसांचं म्हणतात.

मी परभणीहून आले तेव्हा याच हिशेबात घोळ झाला. "पाचवा लागलाय" हे मी इंग्रजीत "पाच महिने" असं सांगितलं, इथल्या दवाखान्यात त्यांनी पाच पूर्ण धरले. सोनोग्राफीत बाळ लहान निघालं. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. मग परभणीची फाईल उघडली. पहिल्याच पानावर निळ्या शाईत पाळीची तारीख होती. साडेसतरा आठवडेच भरले होते, बाळ अगदी बरोबर होतं.

म्हणून फाईल हातातल्या बॅगेत घे. त्यात "जी 2, पी 0, ए 1" असं काही असेल तर अर्थ असा: दुसऱ्यांदा दिवस राहिले, बाळंतपण झालेलं नाही, एकदा गर्भ गेला. ए म्हणजे अबॉर्शन. डॉक्टरी भाषेत आपोआप पडलेलाही त्यातच येतो. इथं बोलताना मात्र आपोआप गेला असेल तर मिसकॅरेज म्हण, नाहीतर पाडला असं समजतात.

व्हिसाच्या टीबी तपासणीत छातीचा एक्स-रे असतो, तिथं गरोदर आहेस हे आधीच सांग. 11 ते 14 आठवड्यांची सोनोग्राफी नांदेडलाच करून रिपोर्ट आण. दुसरी 18 ते 21 मध्ये इथं होईल. आल्या आल्या जीपीकडं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदव. पुढं मिडवाइफच, म्हणजे इथली सुईण, बघते. रीतसर शिकलेली असते, सगळं सुरळीत असेल तर बाळंतपणही तीच करते. मुलगा की मुलगी हे इथं विचारलं तर बहुतेक ठिकाणी सांगतात, आपल्याकडं 1994 च्या कायद्यानं बंदी आहे. मी विचारलं नाही.

आणि शब्द पाठ कर: कळा म्हणजे कॉन्ट्रॅक्शन्स, वार म्हणजे प्लासेंटा, पाणी गेलं म्हणजे वॉटर्स ब्रोक. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी लगेच मिडवाइफला फोन लाव.