पडणाऱ्या चेंडूचा वेग नीट येतो, मग त्वरण वेडंवाकडं का येतं?

तुम्ही चेंडू सोडून मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शूट केलंत, प्रत्येक फ्रेममधली उंची एक्सेलमध्ये भरलीत. वेगाचा आलेख ठीक आला, त्वरण मात्र कधी +१५०, कधी −१००. सूत्र चुकलं का, असं विचारताय. सूत्र बरोबर आहे. घोळ भागाकारात होतोय.

चेंडूच्या मध्यावर क्लिक करताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. वेग काढताना पुढच्या स्थानातून मागचं वजा करून २/२४० सेकंदांनी भागलंत, तर त्या मिलिमीटरमुळे फार तर ०.२४ मी/से चूक येते. चेंडू ३-४ मी/से वेगाने पडत असताना ती डोळ्यांत भरत नाही. त्वरणासाठी मात्र पुढचं स्थान, वजा आताच्या स्थानाची दुप्पट, अधिक मागचं, आणि भागिले (१/२४०)². म्हणजे मिलिमीटरला थेट ५७,६०० ने गुणलं! तिन्ही चुका वाईट दिशेने जुळल्या तर २३० मी/से² इतका फरक पडतो. त्यात गुरुत्वाकर्षणाचं ९.८ कुठून सापडणार? हाच हिशोब ३० फ्रेमला केला तर फरक ३.६ वर येतो. फ्रेम वाढवल्या की उत्तर सुधारतं हा समज इथे साफ उलटा पडतो, आणि मला तरी या विषयातली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

म्हणून तीन बिंदूंवर विसंबू नका. सलग ३१ बिंदू घ्या, त्यांतून द्विघाती वक्र बसवा आणि t² च्या सहगुणकाची दुप्पट करा. ते मधल्या क्षणाचं त्वरण. मग एक बिंदू पुढे सरका. चुका यादृच्छिक असतील तर त्वरणातली साधारण चूक १४० वरून ०.३ च्या आसपास उतरते. सॅव्हिट्स्की आणि गोले यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत ती हीच. पायथॉनमध्ये सायपाय या लायब्ररीतलं सॅव्हगोल फिल्टर (savgol_filter) हे काम एका ओळीत करतं, फक्त डेल्टामध्ये, म्हणजे दोन बिंदूंमधल्या वेळेच्या जागी, १/२४० द्यायला विसरू नका.

चेंडू जमिनीवर आपटतो त्या क्षणाच्या अलीकडचे आणि पलीकडचे बिंदू एकाच वक्रात घेऊ नका. तिथे वेग एकदम उलटतो, वक्र ते गुळगुळीत करून टाकतो आणि भलतंच त्वरण दाखवतो. आपटण्याआधीचा डेटा वेगळा कापा. शिवाय बरेच मोबाईल फ्रेममधलं अंतर तंतोतंत सारखं ठेवत नाहीत, तेव्हा १/२४० गृहीत धरण्याआधी फाइलमधल्या प्रत्यक्ष वेळा तपासा.